न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा प्रकाश आणि नागपूरची आठ इंची दुर्बीण

आपण विचारले आहे की दोन न्यूट्रॉन तारे (मोठे तारे संपल्यावर उरणारे अतिशय घट्ट गाभे) एकमेकांवर आदळल्यावर निघणारा प्रकाश नेमका कसा असतो, २०१७ साली तो कसा सापडला, आणि नागपुरात राहणाऱ्या आपल्यासारख्या हौशी निरीक्षकाला आठ इंची दुर्बिणीतून तो कधी टिपता येईल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नेत्रिकेला डोळा लावून तो दिसणार नाही. पण कॅमेरा लावून, शहरापासून दूर अंधाऱ्या जागेवरून आणि घटना पुरेशी जवळ घडली असेल तर तो टिपता येईल. मात्र त्यासाठी दुर्बिणीच्या आरशापेक्षा घड्याळ अधिक महत्त्वाचे ठरते, आणि या उत्तराचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे, कारण क्षणिक स्फोटांच्या प्रतिमा तपासण्याच्या इतक्या वर्षांच्या कामात मला हीच बाब सर्वांत कमी समजून घेतली जाते असे वाटते.

आधी त्या प्रकाशाचे स्वरूप पाहू. न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी एकमेकांभोवती फिरताना गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा गमावते, कक्षा आकसत जाते आणि शेवटी दोन्ही तारे एकजीव होतात. या गोंधळात थोडे द्रव्य बाहेर फेकले जाते. २०१७ च्या टकरीत ते सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे पाच शतांश, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे १६,००० पट होते, आणि त्याचा वेग प्रकाशाच्या एक ते तीन दशांश इतका होता. हे द्रव्य न्यूट्रॉनांनी इतके गच्च भरलेले असते की त्यातील अणुकेंद्रके एका पाठोपाठ एक न्यूट्रॉन गिळत जातात आणि सेकंदाभरात सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांच्यासारखी जड मूलद्रव्ये तयार होतात. ही नवजात केंद्रके अस्थिर असतात. त्यांच्या किरणोत्सारी क्षयातून निघणारी उष्णता त्या फुगत जाणाऱ्या ढगाला तापवत राहते, आणि तो तापलेला ढग जो प्रकाश देतो त्याला किलोनोव्हा म्हणतात. ली आणि पचिन्स्की यांनी १९९८ साली ही कल्पना मांडली होती. किलोनोव्हा हे नाव मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दिले. मधल्या काळात, २००५ साली, मूळचे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी यांनी याच प्रकाशासाठी मॅक्रोनोव्हा हे नाव सुचवले होते.

आता १७ ऑगस्ट २०१७ कडे येऊ. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी गुरुत्वीय लहरींचा संकेत संपला. त्याआधी सुमारे शंभर सेकंद तो लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या यंत्रांत चढत्या सुरात वाजत होता. त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा एक छोटा झोत नोंदवला. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोची दोन यंत्रे आणि इटलीतील व्हर्गो, अशी तिन्ही यंत्रे त्या वेळी चालू होती. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत मात्र टकरीच्या सुमारे एक सेकंद आधी एक मोठा यांत्रिक खरखराट आला होता, त्यामुळे संगणकाने आपोआप दोन्ही नोंदींची जुळणी केली नाही; तो भाग माणसांनी हाताने साफ करून संकेत बाहेर काढला. व्हर्गोमध्ये संकेत जवळजवळ नव्हताच, आणि तेच सर्वाधिक उपयोगी पडले. व्हर्गो चालू असून त्याला काही ऐकू आले नाही, याचा अर्थ स्रोत त्याच्या अंध कोपऱ्यापाशी होता. केवळ लायगोच्या आधारे आकाशाचा सुमारे १९० चौरस अंशांचा पट्टा शोधावा लागला असता. व्हर्गोच्या त्या मौनामुळे तो सुमारे ३० चौरस अंशांवर आला.

पण हे होईपर्यंत किती वेळ गेला ते बारकाईने पाहा. पहिली लेखी सूचना ६ वाजून ५१ मिनिटांनी गेली, टकरीनंतर चाळीस मिनिटांनी. तिन्ही यंत्रांचा मिळून आकाशनकाशा खगोलशास्त्रज्ञांच्या हाती पडला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटे झाली होती. आणि चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेतील एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीने त्या प्रकाशाची पहिली प्रतिमा घेतली तेव्हा आपल्याकडे १८ तारखेची पहाट, ५ वाजून ३ मिनिटे. टकरीला जवळजवळ अकरा तास उलटून गेले होते.

त्या संध्याकाळी नागपूरच्या आकाशात काय होते, याचा हिशोब मी केला आहे आणि आपणही कोणत्याही तारांगण-सॉफ्टवेअरवर तो पडताळून पाहू शकता. ज्या दीर्घिकेत टक्कर झाली ती एनजीसी ४९९३, वासुकी तारकासमूहात, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर; उणे म्हणजे दक्षिणेकडे) उणे २३ अंशांच्या थोडी पलीकडे. चित्रा नक्षत्राच्या खाली दक्षिणेकडे सुमारे बारा अंश गेले की वासुकीचा गॅमा हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तारा लागतो; त्याच्या पश्चिमेला दोन-सव्वादोन अंशांवर ही दीर्घिका आहे. नागपूरचा अक्षांश २१ अंशांहून थोडा जास्त, त्यामुळे येथून ती आकाशातील उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडताना क्षितिजापासून ४५ अंश वर येते, म्हणजे युरोपातल्या बहुतेक वेधशाळांपेक्षा आपल्याला ती कितीतरी सोयीची आहे. ६ वाजून ११ मिनिटांनी ती आपल्या नैर्ऋत्य आकाशात सुमारे ३२ अंश उंच होती, पण सूर्य अजून मावळायचा होता. साडेसातच्या सुमारास, आकाश पुरेसे काळे होऊ लागले तेव्हा, ती १८ अंशांवर उतरली होती. रात्री नऊच्या सुमारास ती मावळली. पोळ्याच्या अमावास्येला चार दिवस होते, त्यामुळे चंद्राचाही अडथळा नव्हता, आणि चित्रेजवळचा गुरू त्याच बाजूला दिशा दाखवायला हजर होता. म्हणजे त्या टकरीच्या प्रकाशाचे पहिले अडीच-तीन तास विदर्भाच्या आकाशात होते. परंतु कुठे पाहायचे हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि नकाशा आला तेव्हा ती जागा आपल्या क्षितिजाखाली जाऊन अडीच तास झाले होते.

हे मी हळहळ व्यक्त करण्यासाठी लिहीत नाही. ते अकरा तास शास्त्रीयदृष्ट्या फार मोलाचे होते आणि त्यांची उणीव आजही भासते. स्वोपच्या पहिल्या प्रतिमेत तो बिंदू सतराव्या प्रतीचा (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका बिंदू मंद) आणि ठळकपणे निळा होता. त्या वेळी त्याची एकूण दीप्ती सुमारे वीस कोटी सूर्यांइतकी होती, आणि सर्वांत वेगवान द्रव्य युरेनसच्या कक्षेइतक्या अंतराच्याही पलीकडे पसरले होते. हा निळा प्रकाश कशामुळे आला, याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे आहेत. एक असे की ध्रुवांच्या दिशेने फेकले गेलेले द्रव्य न्यूट्रिनोंच्या माऱ्यामुळे न्यूट्रॉनांनी कमी समृद्ध राहिले, त्यात अतिजड मूलद्रव्ये कमी बनली आणि त्याच्या किरणोत्सारातून तो आला. दुसरे असे की आतून निघालेल्या झोताने वाटेतील द्रव्याला धडक देऊन ते तापवले आणि तो तापलेला थर निवताना निळा दिसला. तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार सर्वांत बाहेरच्या थरातील मोकळ्या न्यूट्रॉनांचा क्षय सुरुवातीला वेगळी चमक देतो. पहिल्या एक-दोन तासांत ही तिन्ही चित्रे एकमेकांपासून स्पष्ट वेगळी आहेत. अकराव्या तासाला ती एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे माझे ठाम मत आहे की पुढची जवळची टक्कर झाली तर दहा मीटरच्या दुर्बिणीने दुसऱ्या दिवशी घेतलेल्या उत्तम वर्णपटाइतकीच किंमत छोट्या दुर्बिणीने पहिल्या तासात घेतलेल्या साध्या प्रतिमेला असेल.

त्यानंतरच्या दिवसांत जे दिसले ते मात्र भरभरून नोंदले गेले. निळा प्रकाश झपाट्याने ओसरला. अतिनील आणि निळ्या गाळण्यांत (फिल्टरांत) तो दिवसाला एका प्रतीहून अधिक, काही पट्ट्यांत दोन प्रतींपर्यंत मंदावत होता. अवरक्त प्रकाश उलट दोन-तीन दिवसांनी शिखरावर पोहोचला आणि पुढे दोन-तीन आठवडे टिकला. सुरुवातीला दहा हजार केल्विनच्या घरात असलेले तापमान आठवड्याच्या आत अडीच हजारांच्या आसपास उतरले. या लालीचे कारण लॅन्थनाइड गटातील मूलद्रव्ये आहेत. त्यांच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या मांडण्या इतक्या नानाविध असतात की शोषणरेषांची संख्या कोट्यवधींत जाते, आणि लोखंडासारख्या मूलद्रव्यांच्या ढगापेक्षा हा ढग दृश्यप्रकाशाला दहा ते शंभर पट अपारदर्शक होतो. निळा प्रकाश आतच अडकतो. बाहेर पडायला वाट मिळते ती लांब तरंगलांबीला. लोहाच्या पलीकडची मूलद्रव्ये अशा टकरीत बनतात हे केवळ गणित न राहता वर्णपटात दिसले, ते या लालीतून. पुढे २०१९ साली त्याच वर्णपटांतून स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली, आणि मार्च २०२३ मधील एका गॅमा-स्फोटानंतर जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियमशी जुळणारी खूण मिळाली.

आपण प्रत्यक्ष निरीक्षणाबद्दल विचारले आहे, म्हणून तो बिंदू सापडला कसा हे जरा जवळून सांगतो. स्वोप दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र लहान आहे. ३० चौरस अंश तिने सरसकट झाडून काढणे शक्यच नव्हते. लहरींनी दिशेबरोबर अंतरही दिले होते, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. त्या अंतरावर आणि त्या पट्ट्यात असलेल्या दीर्घिकांची यादी करून, जिच्यात घटना घडण्याची शक्यता अधिक ती आधी, अशा क्रमाने त्यांनी प्रतिमा घेतल्या. एनजीसी ४९९३ नवव्या प्रतिमेत आली. ही दीर्घिका विल्यम हर्शेल यांनी १७८९ सालीच नोंदवली होती, आणि सुदैवाने २०१७ च्याच एप्रिलमध्ये, म्हणजे टकरीच्या जेमतेम साडेतीन महिने आधी, हबलनेही तिची प्रतिमा घेऊन ठेवली होती. नव्या प्रतिमेत दीर्घिकेच्या केंद्रापासून दहा कला-सेकंदांहून थोड्या अधिक अंतरावर एक बिंदू होता. जुन्या प्रतिमेत तेथे काहीच नव्हते. तासाभरात आणखी पाच गटांनी स्वतंत्रपणे तोच बिंदू गाठला.

येथे एक व्यावहारिक अडचण असते आणि ती आपल्यालाही येईल. एनजीसी ४९९३ ही मसुराकार दीर्घिका आहे. तिचा प्रकाश केंद्रापासून बाहेर सावकाश विरत जातो. असा बिंदू त्या उजेडाच्या उतारावर बसलेला असतो. आपण नेहमीच्या पद्धतीने बिंदूभोवती वर्तुळ काढून आणि शेजारच्या कड्यातील आकाश वजा करून तेजस्विता मोजली, तर त्या कड्याची केंद्राकडची बाजू उजळ आणि बाहेरची काळी येते, आणि मोजमाप चुकते. किती चुकते ते त्या रात्रीच्या हवेच्या स्थिरतेवर अवलंबून राहते, त्यामुळे दोन रात्रींची तुलनाही बिघडते. यावर खरा उपाय एकच आहे. त्याच दुर्बिणीने, त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच गाळणीतून घेतलेली जुनी प्रतिमा नव्या प्रतिमेतून वजा करावी. ताऱ्यांच्या प्रतिमांची रुंदी आधी जुळवून घेतली की दीर्घिका नाहीशी होते आणि नवा बिंदू सपाट पार्श्वभूमीवर एकटा उरतो.

क्ष-किरण आणि रेडिओ लहरींचा भाग आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी थोडक्यात नोंदवतो. टकरीतून निघालेला झोत आपल्या रोखाने नव्हता, थोडा तिरका होता, म्हणून त्याची उत्तरदीप्ती (झोतामागून रेंगाळणारी चमक) उशिरा दिसली: क्ष-किरणांत नवव्या दिवशी ‘चंद्रा’ या अवकाश दुर्बिणीने, रेडिओत सोळाव्या दिवशी न्यू मेक्सिकोतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने. पुढे कित्येक महिने ती वाढत जाऊन मग ओसरली. नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही कमी वारंवारितेवर तिचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

अशी घटना पुन्हा केव्हा, हे आपण विचारले नसले तरी ओघाने येतेच. हे लिहीपर्यंत लहरी आणि दृश्यप्रकाश दोन्ही निर्विवादपणे मिळाले आहेत अशी दुसरी टक्कर नोंदली गेलेली नाही. एप्रिल २०१९ मध्ये आणखी एका जोडीच्या लहरी मिळाल्या, पण त्या वेळी लायगोचे एकच यंत्र चालू होते; शोधायचे क्षेत्र आठ हजार चौरस अंशांहून मोठे, म्हणजे सगळ्या आकाशाच्या एक पंचमांश निघाले. अंतरही चौपट होते. चौपट अंतर म्हणजे सोळा पट मंद, म्हणजे तीन प्रतींचा फरक. सतराव्या प्रतीचा बिंदू तेथे विसाव्या प्रतीचा झाला असता. त्याचा प्रकाश कोणालाही सापडला नाही. दिशा अचूक कळण्यासाठी पृथ्वीवर एकमेकांपासून दूर असलेली अधिक यंत्रे लागतात, आणि म्हणूनच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे होऊ घातलेली लायगो-इंडिया केवळ मराठवाड्याच्या अभिमानाची बाब नाही. ती चालू झाली की दक्षिण आकाशातील अनेक घटनांचे क्षेत्र कितीतरी आकसेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. लडाखमधील हानले येथे दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आणि स्वयंचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहेत, त्या अशाच कामासाठी सज्ज असतात. रेखांशाचा विचार केला तर चिलीच्या सुमारे दहा तास आधी आपल्याकडे रात्र होते, म्हणून काही घटनांचे पहिले तास केवळ आपल्याच वाट्याला येतील.

आता आपल्या आठ इंची दुर्बिणीबद्दल. सतरावी प्रत म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेपेक्षा सुमारे पंचवीस हजार पट मंद. पूर्ण अंधाऱ्या जागी आठ इंची आरशातून सरावलेल्या डोळ्याला चौदाव्या प्रतीच्या आसपासपर्यंत दिसते, तेव्हा दृश्य निरीक्षणाचा प्रश्न तेथेच मिटतो. मात्र थंड केलेला मोनोक्रोम सीमॉस कॅमेरा, चांगला मागोवा घेणारा माउंट आणि दोन-तीन मिनिटांच्या वीस-पंचवीस प्रतिमांची बेरीज, एवढ्यावर अठराव्या प्रतीपर्यंत पोहोचता येते. हे धंतोली किंवा सीताबर्डीतील गच्चीवरून होणार नाही. उमरेडच्या पलीकडे, पेंचच्या बाजूला किंवा नागझिऱ्याच्या दिशेने जावे लागेल. आणि दक्षिण क्षितिज शहराच्या उजेडात येणार नाही अशी जागा निवडावी, म्हणजे शहराच्या दक्षिणेची जागा उत्तरेच्या जागेपेक्षा बरी. विदर्भात नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वोत्तम. एप्रिल-मे मध्ये आकाश मोकळे असले तरी धुळीमुळे क्षितिजाकडचे वीस अंश फारसे कामाचे राहत नाहीत, आणि जून ते सप्टेंबर पावसाच्या भरवशावर योजना आखू नये.

तयारीचे काम घटनेच्या आधी करायचे असते. पंधरा कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या, नागपुरातून ३० अंशांपेक्षा वर येणाऱ्या ठळक दीर्घिका निवडून त्यांच्या संदर्भप्रतिमा आजपासून घ्यायला लागा. लाल आणि निळसर अशा किमान दोन गाळण्यांतून घ्या, कारण किलोनोव्हाची ओळख त्याच्या रंगबदलात आहे. एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत जो इतक्या वेगाने लाल होतो असा सुपरनोव्हा नसतो. सरावासाठी सुपरनोव्हा घ्या. मे २०२३ मध्ये एम १०१ दीर्घिकेत दिसलेला सुपरनोव्हा अकराव्या प्रतीपर्यंत उजळला होता. तो सोपा होता. आता मुद्दाम सोळाव्या-सतराव्या प्रतीचे, दीर्घिकेच्या केंद्राजवळचे सुपरनोव्हे निवडून वजाबाकीची पद्धत हातात बसवा. लायगो-व्हर्गोच्या सूचना २०१९ पासून सर्वांसाठी खुल्या आहेत आणि यंत्रे चालू असतात तेव्हा मोबाइलवर मिळतात. हौशी निरीक्षकांना या कामात सामावून घेणारा किलोनोव्हा-कॅचर हा आंतरराष्ट्रीय उपक्रमही आहे. सूचना आली की तीन गोष्टी पाहाव्यात: दोन्ही वस्तू न्यूट्रॉन तारे असण्याची शक्यता, टकरीनंतर बाहेर द्रव्य उरण्याची शक्यता आणि अंतर. अंतर वीस कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे असेल तर आठ इंचीने त्या रात्री धावपळ करण्यात अर्थ नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

आणि नवा बिंदू दिसलाच, तर तो कळवण्याआधी मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीतून तेथे एखादा लघुग्रह नाही ना हे तपासा. वासुकी आणि कन्येचा हा भाग क्रांतिवृत्तापासून फार दूर नाही, तेथे लघुग्रह सर्रास येतात. अर्ध्या तासाने दुसरी मालिका घ्या. बिंदू सरकला असेल तर तो लघुग्रह. प्रत्येक प्रतिमा वेगवेगळी उघडून बिंदू सर्वांत आहे का ते पाहा, कारण वैश्विक किरणाचा ठिपका एकाच प्रतिमेत असतो. जुन्या आकाशसर्वेक्षणांत त्या जागी मंद चल तारा नोंदलेला नाही याचीही खात्री करा. हे सारे पार पडले की क्षणिक घटनांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत, टीएनएसवर, स्थान, वेळ, गाळणी आणि मोजलेली प्रत घालून नोंद करा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, सेकंदापर्यंत लिहा, आणि त्या जागी काही न दिसलेल्या आधीच्या प्रतिमेची वेळ व तिची मर्यादा-प्रतही सोबत द्या.